वरचा हात

शाळा-कॉलेजच्या मैदानी स्पर्धांत बांबू उडीच्या धावपट्टीशेजारी कधीकधी चेहऱ्याला लावायच्या पावडरचा डबा उघडा पडलेला दिसतो. हात ओले होतात, पोल सटकतो, म्हणून घाम टिपायला कुणीतरी तो आणलेला असतो. हेतू चांगला, वस्तू मात्र नेमकी उलटी. ही पावडर म्हणजे शंखजिरं. पापुद्र्यापापुद्र्यांचं खनिज, आणि ते पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून तर ती अंगाला मऊ लागते. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडरही तसलीच. सोंगटी सरसर जावी यासाठी ती असते. फळ्याच्या खडूचा चुरा घाम शोषतो, पण दोन उड्यांत त्याचं पीठ होतं. पोलसाठी लागतं ते मॅग्नेशियम कार्बोनेट. जिमनॅस्टिकवाले त्याला नुसतं ‘चॉक’ म्हणतात आणि ते वडीच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळतं. रंग सगळ्यांचा पांढराच, गुण मात्र एकाचाच कामाचा.

तरीही पकडीचा विचार पावडरीपासून सुरू करणं म्हणजे घर बांधताना रंगापासून सुरुवात करणं. हात घसरतो तो क्षण टेक-ऑफचा, म्हणजे पाय जमिनीवरून सुटण्याचा असतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा तीन पावलं मागे, कधी तर अगदी धावपट्टीच्या सुरुवातीला पडलेलं असतं. म्हणून आधी हात नीट पाहू.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात वर, पोलच्या टोकाकडे असतो आणि डावा खाली. डावखुऱ्याने पुढचं सगळं उलटं वाचावं. दोन हातांतलं अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीएवढं किंवा थोडं जास्त, म्हणजे अंगकाठीप्रमाणे ४५ ते ६० सेंटीमीटर. अंतर फार कमी पडलं की धावताना पोलचं टोक खाली ओढतं, कारण डावा हात हा टेकू आहे आणि टेकू जितका मागे तितका पुढचा भार जड. अंतर फार वाढलं की डोक्यावर हात नेताना खांदे वाकडे होतात आणि डावं कोपर आधीच सरळ होऊन अडकतं.

वरच्या हातात पोल कुठे बसतो, हे सगळ्यांत महत्त्वाचं. तो तळव्याच्या मध्यभागी बसत नाही. बोटं जिथे तळव्याला मिळतात त्या रेषेवर, घट्टे पडतात त्याच जागी, तो आडवा बसावा. वर अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत टेकावा. आणि अंगठा बोटांवर येऊन मूठ मिटावी. तळव्यात खोलवर घेतलेला पोल सुरुवातीला भक्कम वाटतो. शरीराचा भार त्यावर आला की तळव्याची कातडी चुण्या पडून बोटांकडे ढकलली जाते, आणि पोल आपणहून त्याच बोटांच्या रेषेवर सरकतो. तो सरकतानाच हात घसरतो, कातडी सोलते. जिथे शेवटी जायचंच आहे तिथे आधीच धरलेला बरा. लोकलच्या दांडीला लोंबकळणारा माणूस कधी तळव्याने लोंबकळत नाही. बोटांचा आकडा करतो. पोलवरही वरचा हात हा आकडाच असतो. करंगळी आणि अनामिका यांना इथे कमी लेखू नये. मूठ खरी आवळतात त्या या दोघी, आणि भीतीने पहिल्यांदा सैल पडतात त्याही याच.

पण हा आकडा धावताना आवळायचा नसतो. धावताना उजवा हात नितंबाजवळ असतो, डावा छातीपुढे, तळवा खाली, आणि पोल डाव्या हाताच्या बेचकीवर टेकलेला. शेवटच्या तीन पावलांत उजवा हात नितंबापासून कानाशेजारून सरळ डोक्यावर जातो आणि त्या एवढ्याशा वेळात मनगट पोलभोवती फिरतं. मूठ करकचून आवळलेली असेल तर मनगट फिरत नाही, कोपर बाहेर पडतं, हात डोक्यावर पोचेपर्यंत पाय उडालेला असतो. नवशिके हात घसरतो म्हणून आणखी आवळतात. आवळल्यामुळे उशीर होतो आणि उशिरामुळे हात आणखी घसरतो. या चक्रात कितीतरी चांगली मुलं अडकून पडतात, आणि दोष मात्र पकडीसाठी पोलवर गुंडाळलेल्या टेपला दिला जातो. धावताना वरच्या हातात पोल अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या कड्यात लोळता राहिला पाहिजे. मूठ मिटते ती हात कपाळाच्या वर गेल्यावर.

खालच्या हाताचं काम वेगळं. तो लटकत नाही, वर ढकलतो आणि पोल अंगापासून दूर ठेवतो. त्यामुळे त्याला वरच्या हाताइतका चिकटपणा लागत नाही. काहीजण दोन्ही जागी सारखंच चिकट लावतात. त्यात डावा हात पोलला धरून बसतो, आणि पाय वर गेल्यावर तो सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. खालच्या हाताखाली नुसती टेप, चिकट काही नाही, हे बहुतेकांना पुरतं.

हातांची ही रचना आजची आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इंग्लंडमधल्या उल्व्हरस्टनचे उडीपटू, त्यांत टॉम रे सगळ्यांत नावाजलेला, जड लाकडी पोलचं लोखंडी काट्यांचं टोक जमिनीत रोवायचे, आणि पोल उभा राहिला की हात एकावर एक टाकत त्यावर चढून दांडी ओलांडायचे. पाय जमिनीवरून सुटल्यानंतर खालचा हात वरच्याच्या वर नेला किंवा वरचा हात आणखी वर सरकवला तर उडी बाद, हा आजचा नियम त्या चढण्यालाच घातलेला बांध आहे. पुढे बांबूच्या काळात हात धावताना एकमेकांपासून लांब असत, आणि पोल रोवताना खालचा हात सरकवून वरच्याला भिडवत. बांबू फारसा वाकत नसे, तेव्हा दोन्ही हात एकत्र आणून घड्याळाच्या लंबकासारखं झुलणंच सोयीचं. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने बांबूवर १९४२ साली ४.७७ मीटरचा विक्रम केला आणि तो १९५७ पर्यंत टिकला. मग फायबरग्लास आला. १९६१ साली जॉर्ज डेव्हिसने त्यावर पहिला जागतिक विक्रम नोंदवला. वाकणाऱ्या पोलला दोन हातांमध्ये अंतर लागतं. सरकवणं संपलं आणि पकडीची जागा आधीच ठरवून घेणं आलं. जुन्या उडीपटूच्या खालच्या हाताला पोल गुळगुळीत हवा होता. आजच्याला वरचा हात जिथे ठेवला तिथेच राहायला हवा, आणि म्हणून टेप.

टेप गुंडाळणं हे कसबाचं काम आहे आणि ते घाईत, स्पर्धेच्या सकाळी करू नये. आधी जुनी टेप पूर्ण काढायची. तिच्यावर नवी चढवत गेलं की पोल हातात जाड होतो, बोटं अंगठ्याला पोचत नाहीत आणि पकड उलट कमी होते. टेप काढताना किंवा कापताना पोलवर ब्लेड अजिबात चालवायचं नाही. फायबरग्लासवर उमटलेला केसाएवढा ओरखडा पुढे कधीतरी पोल तुटण्याची जागा ठरतो. टेप हातानेच फाडायची. राहिलेला चिकटा कापडावर स्पिरिट घेऊन पुसायचा. पॉलिश पेपर नको, थिनर नको. मग पोल कोरडा होऊ द्यायचा.

वरच्या हाताची जागा ठरली की तिच्या वर एक वीतभर आणि खाली तेवढंच, असा सुमारे ४० सेंटीमीटरचा पट्टा पुरतो. उंची बदलत गेली तरी हात त्यात मावतो. दवाखान्यात किंवा खेळाच्या दुकानात मिळणारी सुती, पांढरी, झिंक ऑक्साईडची ३८ मिलिमीटर रुंदीची टेप घ्यावी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गेलं की सगळीकडे सारखे दोन थर होतात. पोलचा घेर १२ सेंटीमीटरच्या आसपास धरला तर एकवीस-बावीस वेढे होतात आणि अडीच-पावणेतीन मीटर टेप लागते. ताण मध्यम ठेवावा. फार ताणलेली टेप नंतर आक्रसते आणि तिच्या कडा उचलतात. सैल टेप हाताबरोबर मोज्यासारखी फिरते.

आणि गुंडाळायचं खालून वर. इथे कोकणातलं घर आठवावं. कौलं शाकारताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जातात, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्यावर येते आणि उतरणारं पाणी कडेखाली शिरत नाही. पोलवर हाताचं ओढणंही खालच्या दिशेलाच असतं. लटकताना शरीर खाली ओढतं, शेवटी ढकलताना हात पोलला खाली रेटतो. खालून वर गुंडाळलेल्या टेपच्या कडा खाली तोंड करून असतात आणि हात त्यांच्यावरून अलगद जातो. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक कड हाताच्या वाटेत उभी राहते आणि चार उड्यांत तिची गुंडाळी होते. नियमाचीही एक गोष्ट इथे येते: टेप सारख्या जाडीची हवी, वेढे एकमेकांवर येतात तेवढाच फरक चालतो. हात अडावा म्हणून मध्येच टेपचं कडं करून ठेवलं तर तो पोल स्पर्धेत चालत नाही.

काही अनुभवी उडीपटू वरचा थर उलटा, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. धुळीच्या मैदानावर मात्र दोन उड्यांत तो मातीचा कागद होतो, आणि आपल्याकडची बरीच मैदानं अजून धुळीचीच आहेत.

टेपवर काय लावायचं, हा मग खरा आवडीचा प्रश्न. हाताला किंवा पोलला पकड वाढवणारा पदार्थ लावायला परवानगी आहे, हातमोजेही चालतात. पण मोज्यातून पोल कळत नाही आणि फार थोडे ते वापरतात. चिकट पदार्थांत सगळ्यांत जुनी ती राळ. पाइनच्या डिंकातून टर्पेंटाईन काढून घेतल्यावर उरते ती. मल्लखांबाशी ज्याचा संबंध आला त्याला तिची ओळख करून द्यायला नको. तिथे पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षणाने कातडी भाजत नाही, आणि पकड हवी तिथे राळेची पूड. मल्लखांब करणारी मुलं बांबू उडीकडे वळली तर फार पुढे जाऊ शकतात, कारण उलटं होऊन हातांवर शरीर तोलणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. फक्त सकाळच्या एरंडेलाचा हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय पोलला लावायचा नाही.

राळ गरम झाली की चिकटते. थंडीत ती ठिसूळ होते आणि तळव्यावर वाळूसारखी फिरते. म्हणून पूड हातावर घेऊन टेपवर दहा-बारा वेळा घट्ट फिरवायची, ऊब येऊ द्यायची. युरोप-अमेरिकेतले अनेकजण व्हेनिस टर्पेंटाईन वापरतात. लार्च झाडाचा हा मधासारखा दाट चीक घोड्यांच्या खुरांसाठी विकला जातो. त्याचे दोन-तीन थेंब टेपवर पसरायचे आणि काही मिनिटं थांबायचं. हात लावून उचलला की चट्‌ असा आवाज आला पाहिजे. थेंब जास्त झाले तर आवाज येत नाही, हात नुसता ओला होतो, आणि ओला चीक हे वंगणच.

चिकटावर चॉक लावू नये. दोन्ही चांगले म्हणून दोन्ही एकत्र, असा हिशेब इथे चालत नाही. चॉकचा थर चिकटपणा झाकून टाकतो. एक ठरवावं आणि त्याच्याशी राहावं. चॉक घेतला तर पातळ लावावा, जास्तीचा टाळी वाजवून झटकावा. कातडीच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत लावलेला चॉक पोल आणि हात यांच्यामध्ये पीठ होऊन बसतो.

हवामानाप्रमाणे हे सगळं बदलतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे हवेत इतका ओलावा असतो की चॉकची धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत लापशी होते. तिथे चिकट टेप आणि कोरडा पंचा बरा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात पडलेल्या पोलवरची टेप मऊ होऊन तिचा गोंद बाहेर येतो आणि अख्खा पट्टा हाताखाली सरकतो. पोल सावलीत, पिशवीत किंवा ओल्या नसलेल्या चादरीखाली ठेवावा. आणि तेल! आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतं. धावायच्या आधी केसांवरून हात फिरवण्याची सवय असलेल्या मुलाचा हात कितीही चॉक लावून टिकणार नाही. सनस्क्रीन, हाताची क्रीम, खाण्याचं तेलकट, हे सगळं त्याच यादीत.

आता त्या मागच्या तीन पावलांकडे यावं, कारण टेप निर्दोष असूनही हात घसरतो तेव्हा उत्तर तिथेच असतं. टेक-ऑफच्या वेळी उडीचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली पडायला हवा. तो पुढे, बॉक्सच्या (धावपट्टीच्या टोकाला पोल रोवायचा खळगा) जवळ पडला तर पोल बॉक्सच्या मागच्या भिंतीला टेकतो तेव्हा शरीर हाताच्या पुढे निघून गेलेलं असतं. शरीर पुढे ओढतं, हात मागे राहतो, खांद्याला हिसका बसतो आणि बोटं उघडतात. जगातले उत्तम पुरुष उडीपटू सेकंदाला नऊ-साडेनऊ मीटर वेगाने येतात. तो वेग बोटांनी अडवणं कुणाच्याही मुठीला झेपणार नाही. हात वर, सरळ आणि वेळेवर असेल तर तोच वेग पोल वाकवण्यात जातो आणि बोटांवर फक्त लटकण्याचा भार राहतो. तपासायचं सोपं आहे. बाजूने कुणीतरी मोबाईलवर चित्रण करायचं आणि पाय सुटण्याच्या क्षणी थांबवून वरच्या मुठीपासून खाली सरळ रेषा पाहायची. पाय १५-२० सेंटीमीटर पुढे पडत असेल तर टेप बदलण्याऐवजी धावण्याची सुरुवातीची खूण तेवढी मागे घ्यायची. आणि शेवटच्या पावलांत काही जुळत नाहीये असं वाटलं तर उडायचंच नाही. पोल हातात घेऊन गादीत धावत जायचं.

पकड किती उंच, हा प्रश्न पोरं सगळ्यांत आधी विचारतात. सुरुवातीला पोल उभा धरून हात सरळ वर करावा. पोचला तिथपासून एक मूठ वर, एवढं पुष्कळ. गादीच्या मध्यावर उतरणं नेहमीचं झालं की पाच-पाच सेंटीमीटर वाढवावी. उतरणं गादीच्या धावपट्टीकडच्या कडेशी येऊ लागलं तर खाली यावं, त्यात कमीपणा नाही. पोलवर लिहिलेली वजनाची मर्यादा पकडीच्या एका ठरावीक जागेसाठी असते. तिच्या वर धरलं तर तो आकडा निरर्थक होतो. खाली धरल्यास तोच पोल कडक लागतो, वर धरल्यास मऊ.

खरा हिशेब असा मांडावा. बॉक्स २० सेंटीमीटर खोल असतो, म्हणून पकडीच्या उंचीतून २० वजा करायचे. ३.२० मीटरवर पकड असलेली मुलगी २.९० ओलांडत असेल तर ती आपल्या हाताच्याही १० सेंटीमीटर खाली आहे. स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर पार केले. त्याचा पोल ५.२० मीटरचा, अगदी टोकाला हात धरला असं मानलं तरी हात पाच मीटरवर येतो आणि शरीर त्याच्या वर १.३० मीटर. ते १.३० मीटर झुलण्यातून, उलटं होण्यातून आणि शेवटच्या ढकलण्यातून येतात. उणे १० वर असलेल्या मुलीने पकड वाढवायची घाई करू नये. आहे त्या पकडीवरून तिला अजून पुष्कळ मिळायचं आहे.

ताकदीचा सराव साधाच आहे. सिंगल बारला लटकणं, २० ते ३० सेकंद, तीन वेळा, आठवड्यातून दोनदा. बार पोलपेक्षा बारीक असतो म्हणून त्याला पंचा गुंडाळून जाड करावा. मग एका हाताने, दुसऱ्याची दोन बोटं आधाराला ठेवून. दोर चढणं याहून चांगलं, पाय न लावता. दोराच्या मल्लखांबाची सोय जवळ असेल तर तिचा फायदा जरूर घ्यावा. बोटं मिटण्याचा जितका सराव तितकाच उघडण्याचाही हवा, नाहीतर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं. बोटांभोवती रबर लावून ती पसरायची, पंधरा-वीस वेळा. उडीच्या आदल्या दिवशी यातलं काही नको; थकलेली बोटं दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वाईट वेळी आठवण करून देतात.

घट्टे राहू द्यावेत, वाढू देऊ नयेत. अंघोळीनंतर मऊ झालेल्या घट्ट्यावरून वजरी फिरवून तो आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आणावा. उंच राहिलेल्या घट्ट्याची कड पोलमध्ये अडकते आणि मुळासकट निघते. निघालाच तर साबणाने धुवायचा, सुटलेली कातडी ओढून न तोडता निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापायची, जंतुनाशक लावायचं आणि पाच-सहा दिवस फक्त धावायचं. क्रीम लावायची ती रात्री.

उडीच्या शेवटी हात सोडतानाही क्रम असतो. आधी डावा सुटतो. उजवा शरीर दांडीवर गेल्यावर कोपर सरळ करत पोलला खाली रेटतो आणि मग सगळ्या बोटांनी एकदम उघडतो, करंगळी मागे रेंगाळू न देता. शेवटचा हा रेटा धावपट्टीच्या दिशेने हवा, म्हणजे पोल दांडीकडे न येता मागे पडतो. तो उचलून टेपच्या पट्ट्यावरून कोरडं फडकं फिरवायचं, कडा उचलल्यात का ते अंगठ्याने चाचपायचं आणि पुढच्या उडीपर्यंत सावलीत ठेवायचा.